गाळलेला उंदीर

संघप्रियाच्या मनगटाला माशाचं एक खवलं चिकटलं होतं. ते कधी उडून बसलं तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ते आपल्याच कातडीतून फुटून आलंय असं वाटून एक थंड शिसारी तिच्या पाठीतून सरसरत खाली गेली. गुजरी बाजाराच्या मागच्या बोळात येलदरी धरणाची मासळी आली होती आणि तिच्या सासूबाई, सुलाबाई, उकिडव्या बसून एकेका माशाचा कल्ला बोटाने उचकटून बघत होत्या. आत लाल, ओली, झालरीसारखी चुणी. संघप्रियाने नाकावर ओढणी धरली होती, पण वास ओढणीतूनही येत होता, किंवा ओढणीचाच येत होता. गेल्या महिन्याभरात वास बाहेरून येतो की आपल्या आत सुटतो, हे तिला नीट ठरवता येत नव्हतं. गटारीच्या कडेला एक मांजर आतड्याचं वेटोळं ओढत होतं. ते ताणलं जायचं, तुटायचं नाही.

"ताजा हाय का गं बाई, का कालचाच धुऊन ठिवलायस?" सुलाबाईंनी विचारलं.

"डोळा बघा मावशी, डोळा." मासळीवालीने विळीवरून मान वर केली आणि संघप्रियाकडे हनुवटी उडवली. "तुमच्या सुनंच्या डोळ्यापरीस ताजा हाय."

दोघी खळखळून हसल्या. "चौथा लागलाय तिला," सुलाबाई म्हणाल्या. "कशाचाबी वास घेईना. म्हून तर मासा. लेकराच्या डोक्याला मासा चांगला, आसं हीच समद्यास्नी सांगती. सांगती आन् सोता खात न्हाई."

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी "म्याडम, जयभीम!" म्हणालं आणि संघप्रियाचा हात धरला. राजेश्री होती. त्यांच्याच वस्तीतली, विहाराच्या पलीकडच्या गल्लीतली, नागेशची बायको, सहावा महिना. तिचा चेहरा उजळल्यासारखा दिसत होता, पण तो उजेड चांगला नव्हता, तेल सुटल्याचा होता. केस न धुतलेले, भांगात पांढरा कोंडा. धरलेल्या हाताची बोटं ओली लागली म्हणून संघप्रियाने खाली बघितलं. राजेश्रीने नखांच्या कडेची कातडी सोलून काढली होती. अंगठ्याशी रक्त सुकून काळं झालं होतं आणि त्यावर पुन्हा ताजं आलं होतं.

"म्याडम, तुमाला सांगायचंच होतं," राजेश्री खालच्या आवाजात, पण भरभर म्हणाली. "त्या पुनवंला तुमी विहारात सांगितलंत ना, लेकराच्या डोस्क्यातल्या तारांचं, तवापासून सोडल्या बघा मी गोळ्या. घाबऱ्याच्या गोळ्या चालू होत्या मला. एकबी घेतली न्हाई तवापासून. लेकराच्या तारा चुकल्या तर मी कुठं फेडू?" आणि ती हसली. हसताना तिचे डोळे हसले नाहीत, ते संघप्रियाच्या खांद्यावरून मागे कुठेतरी, त्या मांजराकडे बघत राहिले. "बरं केलं ना म्याडम?"

संघप्रियाला बोलायचं होतं. एक पूर्ण वाक्य तिच्या घशापर्यंत आलं होतं, पण त्याच्याबरोबर आंबट पाणीही आलं आणि तिने दोन्ही एकदमच गिळली. "हं," ती म्हणाली. "काळजी घे." राजेश्रीने खूश होऊन तिचा हात दाबला, सुलाबाईंना वाकून जयभीम केला आणि गर्दीत शिरली. संघप्रियाने हात ओढणीला पुसला. मग ओढणीचा तो कोपरा बोटात धरून अंगापासून लांब ठेवला.

रिक्षात माशाची पिशवी सुलाबाईंच्या पायाशी होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्यातून पाणी ठिबकत होतं. वसमत रोडची धूळ, उसाच्या रसाच्या गाड्यावरची माशी बसलेली चोथ्याची रास, कुणीतरी थुंकलेला गुटखा, तळून चाळणीत ठेवलेल्या भज्यांचं तेल. हे शहर तिला कधी इतकं ओलं वाटलं नव्हतं. परभणीला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, सगळं कोरडं, सगळं साठवलेलं, आणि तरी तिला सगळीकडे ओल दिसत होती, बुळबुळीत, कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखी. 'हं' म्हटलं आपण. 'हं' म्हणजे हो. बाजारात एका बाईने विचारलं बरं केलं ना, आणि दुसऱ्या, प्राणिशास्त्र एम.एस्सी. झालेल्या, ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, हं. त्या एका अक्षराची चव अजून तिच्या जिभेवर होती. रिक्षाच्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि ते बंदच होतं, याचं तिला आश्चर्य वाटलं.

कारण तिनेही सोडल्या होत्या. हे कुणाला माहीत नव्हतं. सिद्धोधनला, म्हणजे नवऱ्याला, एवढंच माहीत होतं की लेकीच्या, शिलूच्या वेळच्या त्या मनाच्या गोळ्या अजून चालू आहेत आणि ठीक आहे. पूर्णेच्या रेल्वे हापिसात त्याची नोकरी, रोजचं अप-डाऊन. सकाळी जायचा तो अंधार पडता पडता यायचा आणि आला की त्याच्या शर्टाला रेल्वेचा वास असायचा, लोखंडाचा, डिझेलचा, दुसऱ्या माणसांच्या घामाचा. लग्नानंतर सुरुवातीला हाच वास तिला आवडायचा. ती शर्ट धुवायला टाकण्याआधी गुपचूप हुंगायची. आता तो दारात चप्पल काढायचा तेव्हाच ती मोरीत जायची आणि नळ सोडायची, नळाला पाणी नसलं तरी. एकदा त्याने विचारलं, "काय झालं, मी इतका घान झालोय का?" आणि ती म्हणाली, "तसं नाही हो, दिवस तसे आहेत," आणि तो बिचारा समजुतीने हसून साबण लावून आला, तर तिला साबणाची किळस आली. दुधावरची साय. शिळ्या भाकरीच्या टोपलीचा वास. सुलाबाईंच्या मिसरीच्या डबीचा. स्वतःच्या केसांच्या मुळांचा. एकेक गोष्ट तिच्याकडे पाठ करून उभी राहत गेली, आणि शेवटी, जे व्हायला नको तेच झालं.

शिलू तीन वर्षांची. आजोबांनी नाव ठेवलं होतं धम्मशीला, घरात शिलू. परवा दुपारी ती पेरू खात अंगणातून आली, मांडीवर चढली, आणि तोंडातला चावलेला, लाळेने माखलेला घास बोटांनी काढून तिने संघप्रियाच्या ओठांत सारला. "आई, गोड." याआधी किती वेळा असे घास तिने खाल्ले होते. आईचं तोंड आणि लेकराचं तोंड यांच्यात भिंत असते, असं तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पण परवा तिच्या जिभेला तो कोमट लगदा लागला आणि तिने तो थुंकला. नुसता थुंकला नाही, जीभ बाहेर काढून पदराने खरवडून पुसली. शिलू रडली नाही. ती बघत राहिली. मग स्वतःच्या बोटांकडे बघू लागली, त्यांच्यावर काय आहे ते शोधत. पोरीने बोटं फ्रॉकला पुसली. जशी आज आईने बाजारात हात ओढणीला पुसला, तशीच.

घरी पोचल्यावर सुलाबाई मासे घेऊन मागच्या ओट्यावर गेल्या आणि संघप्रिया आतल्या खोलीत पंख्याखाली आडवी झाली. डोळे मिटले की फोनवर पाहिलेलं ते चित्र यायचं. त्या चित्रावरून तर हे सगळं सुरू झालं. बारावीला मेंदू शिकवायचा म्हणून तिने शोधत शोधत कुठलातरी लेख काढला होता. मेंदू घडत असताना एकेक पेशी आपला एक बारीक धागा बाहेर सोडते. धाग्याच्या टोकाला पंजासारखा पसारा असतो, तो अंधारात चाचपडत सरकतो आणि वाटेत इतर पेशींनी सोडलेल्या खुणा हुंगतो. एक खूण म्हणते ये, दुसरी म्हणते लांब राहा. असं हुंगत हुंगत तो धागा आपल्या जोडीदार पेशीपर्यंत पोचतो आणि तिथे गाठ बसते. अशा गाठींचंच पुढे माणूस होतं. इथपर्यंत वाचताना तिला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं होतं, पोटावर हात गेला होता. मग पुढची ओळ आली. उंदराच्या गर्भातले असे धागे प्रयोगशाळेत वाढवले आणि भोवती सेरोटोनिन असू दिलं, तर काही धागे ज्या खुणेकडे आधी ओढीने जात होते तिच्यापासूनच लांब पळू लागले. खूण तीच, धागा तोच. ओढीचा तिटकारा झाला. आणि तिची गोळी नेमकी त्याच सेरोटोनिनवर चालणारी होती, पेशींच्या मधल्या फटीत ते जास्त वेळ रेंगाळू देणारी. तिने फोन उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की माणसाच्या बाबतीत चित्र स्पष्ट नाही, उंदरावरून माणसाचं ठरवता येत नाही, आजार अंगावर काढण्याचाही बाळाला धोका असतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये. ते सगळं तिने वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. पण एकदा दुधात पाल पडलेली पाहिल्यावर दूध गाळून चालेल असं कुणी कितीही सांगितलं तरी घोट उतरत नाही, तसं झालं. दुसऱ्या दिवशी गोळी तळहातावर घेतली तर ती पांढरी, गुळगुळीत, अंड्यासारखी दिसली. ती तिने संडासात टाकली.

शिलूच्या वेळी असं काही नव्हतं, शिलूच्या वेळी गोळी नंतर आली. बाळंतपण माहेरी ताडकळसला झालं आणि सव्वा महिन्याची ओली बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दूध उतरायचं, ब्लाऊज भिजायचा, आंबायचा, ती हलायची नाही. आई म्हणायची, बाहेरचं काही नाही ना. वडील शिक्षक, ते आईवर ओरडायचे, असलं काही बोलायचं नाही आपल्या घरात. शेवटी सिद्धोधननेच तिला परभणीला त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई फार बोलल्या नाहीत. "शुगर असते, बीपी असतो, तसं हे," म्हणाल्या. "लाज कशाची? मात्र मनाने बंद करायची नाही, मला विचारून." आणि काही आठवड्यांनी एका सकाळी तिला भाकरीचा वास आला. नुसता भाकरीचा, खरपूस, जळत्या कडेचा, आणि तिला भूक लागली. भूक लागली म्हणून ती रडली होती. तो वास तिला आता आठवावा म्हटलं तरी आठवत नव्हता. आठवायला गेलं की मागच्या ओट्यावरून सुरीचा खवल्यांवरचा खरखर आवाज यायचा.

आणि दरवर्षी वर्गात ती मुलांना सांगायची, की शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन डोक्यात नसतंच, ते आतड्यात असतं. मळमळ होते, उलटी येते, त्यातही त्याचा हात असतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "म्हंजे म्याडम, मन पोटात?" वर्ग हसायचा, तीही हसायची. आता हसायला येत नव्हतं. आता तिला वाटायचं आपल्या आत एक लांबलचक ओलं वेटोळं आहे आणि तेच आपल्या वतीने जगाकडे बघतंय. शिलूकडे तेच बघतंय. वरणभात कालवताना शिलू बोटं ताठ धरते, का धरते? मोजे घालू देत नाही, का देत नाही? ही पोर आपल्या गोळीचं दूध प्यायली. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या होत्या, चालेल म्हणाल्या होत्या, पण तरी. पोरीने वाटीतली साखर मुंग्यांना घातली तर संघप्रिया ते प्रेमाने न बघता नोंद घेतल्यासारखं बघायची. पिंजऱ्याच्या बाहेरून. आणि आपण कसं बघतोय हे लक्षात आलं की तिला उंदराची नाही, पिंजऱ्याबाहेरच्या त्या बाईची किळस यायची.

पण राजेश्रीला तिने काय सांगितलं होतं? त्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि रीतीप्रमाणे वस्तीतल्या शिकलेल्या कुणीतरी चार शब्द बोलायचे होते. बहुतेक वेळा रेल्वेतले रिटायर रंगनाथकाका बोलत. त्या दिवशी बायकांनी सुलाबाईंच्या मागे टुमणं लावलं, की एवढी तुमची सून शिकलेली, तिला बोलू द्या, गरवार बायांसाठी काहीतरी सांगू द्या. सुलाबाईंची मान ताठ झाली होती. त्यांच्या आईने दुसऱ्याच्या शेतात निंदण केलं होतं, त्यांची सून विहारात माईकवर बोलणार होती. संघप्रिया उभी राहिली. तिने सुरुवात नीट केली होती. "उंदरांवर एक प्रयोग झाला," ती म्हणाली, आणि पुढच्या रांगेतून चांगुणाबाई, म्हणजे राजेश्रीचीच सासू, मोठ्याने म्हणाली, "उंदराचं काय सांगायलीस गं माय पुनवंच्या दिशी? आमच्या माळ्यावर लय हायेत, घिऊन जा!" विहार हसला. लेकरं हसली. सुलाबाईंची मान थोडी खाली आली. आणि संघप्रियाने, पांढऱ्या साडीत, त्या शांत मूर्तीसमोर उभं राहून, उंदीर गाळला. गोष्ट तीच ठेवली, फक्त उंदीर काढून टाकला, भाजीतून अळी काढावी तसा. तिथे आई ठेवली, बाळ ठेवलं. म्हणाली, मनाच्या गोळ्या खाल्ल्या की बाळाच्या डोक्यातल्या तारा वाट चुकतात. 'कदाचित' म्हणाली नाही, 'नक्की माहीत नाही' म्हणाली नाही. सगळा विहार चिडीचूप झाला. त्या शांततेची तिला तेव्हा इतकी गोडी लागली की तिने ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. टाळ्या पडल्या. घरी येताना सुलाबाई शेजारणीला म्हणत होत्या, "कसं समजंल आसं सांगितलं बघ." आपण स्वतः सोडल्यात म्हणून दुसऱ्याही कुणी सोडाव्यात, एकट्याने घाबरू नये, असं काही त्या वाक्याच्या तळाशी होतं का? होतं. आज आडवं पडून ते तिला स्वच्छ दिसलं, तळाशी, गाळासारखं.

संध्याकाळी ताटात मासा आला. सिद्धोधन काटे काढून शिलूला भरवत होता. संघप्रियाने घास हातात धरून ठेवला.

"चांगुणा भेटली नळावर," सुलाबाई म्हणाल्या. "तिची सून झोपतच न्हाई म्हनं. मोरीत बसती. कोनी दार वाजवलं की म्हनती, येऊ नका, माझ्या अंगाचा वास यायलाय. नागेशला जवळ येऊ देत न्हाई. आन् काही इचारलं की तुझं नाव घेती. म्याडमनं सांगितलं, म्हनती."

"काय सांगितलं हिनं?" सिद्धोधनने विचारलं.

"मला काय ठावं? विहारात सांगितलं तेच आसंल." सुलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत कौतुक होतं, पण त्याला जरा ओरखडा पडला होता. "चांगलंच सांगितलं आसंल की."

संघप्रिया घास खाली ठेवून उठली. मोरीत गेली, आणि दाराला कडी घालताना तिला जाणवलं, की दोन गल्ल्या पलीकडे दुसरी एक बाई आत्ता असंच करत असेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा तास झाला तशी ती सरळ राजेश्रीकडे गेली. जाताना मनात वाक्यं जुळवत होती, दोन वाक्यं होती. एक उंदराचं, एक स्वतःचं. पहिलं पाठ होतं. दुसऱ्याशी आली की पाय जड व्हायचे. दारात चांगुणाबाई तांदूळ निवडत बसली होती. "या, या म्याडम," ती म्हणाली. "बघा तुमच्या शिकवनीचं काय झालंय ते. रोजच्याला एक गोळी खायची, गुमान ऱ्हायची, भाकरी थापायची. तुमी तारा जोडल्या अन् आमची लाईटच गेली." बोलणं चेष्टेचं होतं, पण निवडलेले खडे ती पुन्हा सुपातच टाकत होती, आणि संघप्रियाच्या लक्षात आलं की म्हातारी भेदरली आहे.

आत खिडक्या बंद होत्या. राजेश्री पलंगाच्या कडेला, भिंतीला न टेकता, कशालाच न टेकता बसली होती. खोलीत आंबूस, साचलेला वास होता, न धुतलेल्या माणसाचा, शिळ्या भीतीचा. तिने दाराची चौकट धरली. पळून जावंसं वाटलं. मग तिला कळलं की हा वास ओळखीचा आहे. माहेरी भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा तिच्या स्वतःच्या अंथरुणाला हाच वास यायचा, आणि आईने तोंड वाकडं न करता ते अंथरूण रोज उन्हात नेलं होतं. ती आत गेली. खिडकी उघडली नाही. राजेश्रीच्या शेजारी बसली.

"नका बसू म्याडम," राजेश्री म्हणाली. "मला माझीच किळस यायलीय. आत काहीतरी सडायलंय आसं वाटतं. लेकरू न्हाई ते, दुसरंच काहीतरी. पन तारा नीट आसतील ना त्याच्या? गोळ्या न्हाई घेतल्या मी. नीट आसतील ना?"

"राजेश्री, ऐक. मी चुकीचं सांगितलं. ते उंदीर होते."

"कोन?"

"ज्यांच्यावर ते बघितलं ते. माणसांचं तसं नक्की कुणालाच माहीत नाही. डॉक्टरला विचारल्याबिगर बंद करू नका, असंही लिहिलं होतं तिथं. ते मी सांगितलं नाही. बायका हसल्या म्हणून मी उंदीर काढून टाकला."

राजेश्रीच्या छातीतून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग हसण्यासारखा. "उंदीर," ती म्हणाली. "म्हंजे मी उंदरापायी मोरीत बसायले?" आणि ती हसत सुटली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसणं ऐकून चांगुणाबाई सूप टाकून धावत आली आणि दारातच थबकली. हसणं थांबलं तेव्हा राजेश्रीच्या नाकातून शेंबूड वाहत होता आणि तिने तो पुसला नाही. संघप्रियाने आपल्या ओढणीचा पदर धरला, पोटातलं वेटोळं आवळलं, आणि तिने तो पुसला. बोटांना ओल लागली. ती ओल तिथेच राहिली.

"चल," ती म्हणाली. "माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत. आत्ताच जाऊ."

"ओळखीच्या कशा काय?" चांगुणाबाईने विचारलं.

दुसरं वाक्य पुन्हा घशाशी आलं. संघप्रियाने ते पुन्हा गिळलं. "आहेत ओळखीच्या," ती म्हणाली, आणि उत्तर देतानाच तिला त्या उत्तराचा वीट आला.

रिक्षात तिघी कोंबून बसल्या. राजेश्रीचा दंड तिच्या दंडाला चिकटला होता, घामाने. जिंतूर रोडच्या खड्ड्यांतून जाताना त्या दोन कातड्या सुटायच्या आणि पुन्हा चिकटायच्या. संघप्रिया बाहेर बघत नव्हती. आत चौथ्या महिन्याचं जे काही होतं, ते या घटकेला आपले धागे सोडत असेल, अंधारात पंजे टाकत असेल, आणि ज्या बाईच्या रक्तात ते वाढतंय तिला जगातल्या कुठल्याच गोष्टीकडे जावंसं वाटत नव्हतं. यातलं त्याला काय पोचत असेल? गोळी घेतली तर काय पोचेल आणि नाही घेतली तर काय पोचतंय? इतके दिवस तिने एकच बाजू मोजली होती. दुसरी बाजू तिच्या दंडाला चिकटून बसली होती, ओठ हलवत काहीतरी पुटपुटत, अंगठ्याची कातडी सोलत. संघप्रियाने तो अंगठा आपल्या मुठीत घेतला. घेतल्यावर बरं वाटलं असं काही झालं नाही. किळस वाटतच होती. फक्त किळस वाटत असतानाही मूठ बंद राहू शकते, एवढं तिला कळलं.

दवाखान्यात गर्दी होती. फिनेल, औषधं, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी. वाट बघणाऱ्या बायका एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या, इथे ओळखीचं कुणी दिसू नये अशा बेताने. तिच्या कॉलेजातली एक क्लार्क कोपऱ्यात बसली होती, तिने संघप्रियाला पाहून चटकन मासिक उघडलं. खिडकीत नावं घेणारी मुलगी फोनवर कुणाशी तरी बोलत होती. बोलता बोलता तिने हाताने विचारलं, काय.

"डॉक्टर मॅडमना भेटायचंय," संघप्रिया म्हणाली. "लवकर भेटायला पाहिजे. सहावा महिना आहे, गोळ्या मनाने बंद झाल्यात."

"बरं." मुलीने फोन खांद्यात धरला. "पेशंट कोन, त्या का?"

चांगुणाबाई मागे उभी होती. कोपऱ्यातलं मासिक हललं. राजेश्री बाकावरून तिच्याकडेच बघत होती, पाण्याच्या घोटासाठी बघावं तशी, म्याडमकडे. अजूनही एक साधं 'हो' पुरलं असतं. ते तोंडात तयारही होतं, कालच्या त्या 'हं'सारखंच बुळबुळीत, आपोआप सुटणारं. संघप्रियाला त्याची चव आली आणि उलटी येते तशी कळ आली, पण या वेळी तिने काही गिळलं नाही.

"दोघी," ती म्हणाली. "तिची सासू मागून ऐकत असेल तर ऐकू द्या, माझं नाव आधीपासून आहे तुमच्याकडे. त्याच गोळ्या. मीपण मनानेच बंद केल्यात. चौथा महिना."

मुलीने मान वर न करता नाव विचारलं. ते सांगून ती वळली तेव्हा चांगुणाबाईने तोंडावर हात धरला होता. राजेश्रीच्या चेहऱ्यावरचं ते भाबडं तेल उतरलं होतं आणि तिथे, किती दिवसांनी कोण जाणे, एक शाबूत, स्वच्छ भाव आला होता. संघप्रियाने तो ओळखला. महिनाभर ती हाच चेहरा आरशात बघत होती.

"तुमी खात होता," राजेश्री म्हणाली. "तुमी सोता खात होता आन् आमाला..." तिने वाक्य सोडलं. "थूत् तुमच्या."

आणि ती बाकावर सरकली, चांगली हातभर, भिंतीपर्यंत. मध्ये एका माणसाची जागा झाली. चांगुणाबाई उभीच होती, दमली होती, पण तीही तिथे बसली नाही. संघप्रिया बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. ती जागा तिने तशीच राहू दिली. आतून आधी कुणाचं नाव पुकारतात याची त्या दोघी दोन टोकांना बसून वाट बघत राहिल्या, आणि राजेश्री उठून निघून गेली नाही.